झोत मिटेपर्यंत

१

दिवा बसवायचा माझा एक ठरलेला क्रम आहे. आधी तिकाटणं सरळ उभं करायचं. मग भिंगाची काच पुसायची, सुती कापडाने, फुंकर न मारता. मग झोताचं वर्तुळ लहान-मोठं करणारी दांडी दहा वेळा पुढे-मागे करून बघायची, कारण ऐन वेळी ती अडकली तर लोकांना गायिकेचं अर्धंच तोंड दिसतं. सात वर्षं हेच करतोय. हात आपोआप चालतात. त्या शुक्रवारी दुपारीही चालत होते, आणि ते चालत होते म्हणूनच मी उभा होतो. ताईला जाऊन नऊ आठवडे झाले होते.

हॉल छोटा होता, साठ-सत्तर माणसांचा. रांगेने खुर्च्या नाहीत, गोल टेबलं. कॅबरे म्हटलं की आमचे नाटकवालेसुद्धा एकमेकांना डोळा मारतात, पण तसलं काही नव्हतं. एक पियानो, एक गायिका, नाटकांतली गाणी आणि दोन गाण्यांच्या मध्ये तिने मारलेल्या गप्पा. बाहेरच्या फलकावर ‘एकटीची मैफल’ असं लिहिलं होतं. गायिका म्हणजे आमच्या नाटक कंपनीच्या नायिका. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात.

मी दांडी पुढे-मागे करत होतो तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि कंपनीचे सुतारकाका पाठमोरे आत आले. त्यांनी एक टोक धरलं होतं, दुसरं दोन हमालांनी. मध्ये काळं खोकं.

मी शिडीवरून उडीच मारली. “काका, हे इथे कशाला?”

“बाईंनी मागवलंय.”

“एकटीची मैफल आहे ना? मग खोकं कुणासाठी?”

“मला काय विचारतोस काजव्या? मी ठोकतो आणि हलवतो. खोक्यात कोण बसतं ते मी कशाला बघू?” बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आत स्टूल ठेवायचंय. आणि कोमट पाण्याचा पेला. डाव्या हाताला. बाईंनी दोनदा बजावलंय.”

ताई डावरी होती.

२

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा लवकर गेले, आई दिवसभर कामाला, म्हणून मला तिनेच वाढवलं. मी शिकावं म्हणून तिने फार खटाटोप केला. सातवीत मी मास्तरांवर डस्टर फेकलं आणि शाळेनेच मला हात जोडले. मग तिनेच मला कंपनीत आणून दिव्यावर चढवलं. काजवा हे नावही तिचंच.

तिचं स्वतःचं काम मात्र कंपनीबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आमच्या नाटकाच्या शेवटी बाई एकवीस पायऱ्या धावत चढतात आणि वर पोचल्यावर एक उंच सूर लावतात. धावत एकवीस पायऱ्या चढून तो सूर जगात कुणालाच लागणार नाही. तो ताई लावायची. विंगेत एक उभं लाकडी खोकं होतं, आतून स्पंज लावलेलं. त्यात ती स्टुलावर बसून गायची. बाई तोंड उघडायच्या. टाळ्या बाईंना.

खोक्यातून तिला रंगमंच दिसायचा नाही. तोंडासमोर वीतभर झरोका, त्यावर काळं कापड. त्यातून तिला एवढंच कळायचं, की समोरच्या विंगेवर माझ्या झोताची कड पडली आहे की नाही. कड असेपर्यंत गायचं. मी दांडी ओढून वर्तुळ मिटवलं, कड गेली, की थांबायचं. हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं, त्यात तिसरं कुणी नव्हतं. मी मनात अकरा मोजायचो आणि मिटवायचो. मलाही माझ्या जागेवरून विंगेतला तेवढा कोपरा दिसायचा. ताई सुराआधी श्वास घ्यायची तेव्हा कापड आत ओढलं जायचं. गायला लागली की बाहेर फडफडायचं.

शेवटच्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला तिला ताप होता. खोकला महिनाभर होताच. शेवटचा सूर लागला, पडदा पडला, मी खाली धावलो, तर ती स्टुलावर बसलेली, कपाळ स्पंजला टेकलेलं. हात गार. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तिची पापणी उचलली, बोटं वाकवून बघितली, मग घड्याळ बघितलं.

“पाऊण तास तरी झाला असेल,” ते म्हणाले.

सूर लागून तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती.

त्या गडबडीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं ते तिसऱ्या दिवशी, तोंड धुताना. पाणी तसंच वाहत राहिलं.

मग सूर कुणी लावला? उत्तर सरळ होतं. टेप. बाईंनी ताईचा आवाज कधीतरी गुपचूप भरून ठेवला होता. आणि त्या दिवशी ती लावली, याचा अर्थ ताई आता गाणार नाही हे त्यांना माहीत होतं. तिला तिथेच बसवून ठेवलं, प्रयोग पुढे रेटला, वर टाळ्या घेतल्या.

हे मी कुणाला बोललो नाही. मला ती टेप हातात हवी होती. आणि खरं सांगतो, फक्त बाईंच्या तोंडावर मारायला नको होती. आमच्याकडे ताईचा आवाज कुठेच नाही. कुणी भरायला लागलं की ती हात आडवा करायची. म्हणायची, खोक्यातलं खोक्यात.

३

शनिवारी तालीम होती. मी दोन तास आधी जाऊन आमच्या साउंडवाल्याला गाठलं. त्याला सगळे बहिरा म्हणतात, कारण त्याला दोन खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकू येते.

“उद्या शेवटच्या सुराला काय लावणार आहेस?”

“लावायचं काय? पियानो आहे की.”

“सुराला, बहिऱ्या. सुराला.”

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला बोर्डापाशी नेऊन एकेक तार दाखवली. एक माईक, दोन स्पीकर. भरलेलं काही वाजवायची सोयच नव्हती.

“मग त्या रविवारी काय लावलं होतंस?”

तो तार गुंडाळायला लागला. कोपरात घालून, एकेक वेढा. “त्या रविवारी खोक्यातला माईक दुसऱ्या अंकातच बंद पडला होता. मी सांगायला धावणार होतो. पण शेवटी सूर आला, तेव्हा म्हटलं, झाला असेल चालू आपोआप.”

“आणि?”

“झाला नव्हता. नंतर बघितलं. तार निघून माझ्या पायाशी पडली होती.”

मी त्याची कॉलर धरली. खोटारडा म्हणालो, आणखीही काय काय म्हणालो. एरवी बहिरा एकाला दोन ऐकवणारा माणूस. त्याने माझा हातसुद्धा झटकला नाही. तेच मला आवडलं नाही. बाईंनी ह्यालाही फिरवलंय, असं मी मनाशी पक्कं केलं.

तालमीत बाई सगळी गाणी खालच्या पट्टीत, दबकून गायल्या. शेवटचं गाणं आलं. पियानोवाला चढत चढत त्या जागेपर्यंत पोचला, आणि बाईंनी गप्पकन तोंड मिटलं. ओठ आत घेऊन मिटलं, लहान मूल औषधाला मिटतं तसं. एक हात वर केला. “हे उद्या,” म्हणाल्या.

पियानो थांबला. त्या शांततेत मी झोत त्यांच्यावरच धरून होतो. खोकं त्यांच्या उजवीकडे, भिंतीशी. झरोक्यावरचं कापड हळूच आत गेलं. आणि तसंच राहिलं.

कुणीतरी दार उघडलं असेल, म्हटलं. बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता. दार बंद होतं.

सगळे चहाला गेल्यावर मी खोक्यात शिरलो. स्पंज खिळ्यांसकट उपटला. मागे नुसतं लाकूड. स्टूल उलटं केलं, फळी ठोकून बघितली. यंत्र नाही, तार नाही, भोकसुद्धा नाही. डाव्या हाताला पेला होता, अर्धा. सुतारकाका विसराळू आहेत, अर्धाच भरला असेल.

४

घरी आई ताईचे स्वेटर घडी घालत बसली होती. रोज घालते, रोज उलगडते.

“बाईंचा कार्यक्रम उद्या आहे ना?” तिने विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“त्या आल्या होत्या. मागच्या महिन्यात.”

“इथे? मला का नाही बोललीस?”

“तू भांडी फेकली असतीस. आहेत तेवढी चार मला हवीत.”

मी तिच्यासमोर बसलो. काय म्हणाल्या, विचारलं.

“एक शब्द नाही. मीच बोलतेय, आणि त्या नुसत्या मान हलवतायत. तोंडावर रुमाल. पाणी दिलं तरी काढेनात. कागदावर लिहून दाखवलं, घसा बसलाय म्हणून.”

“सोंग!”

“मलाही तसंच वाटलं. म्हटलं, आपल्या दारी आल्यात आणि तोरा बघा. मग जाताना ताईचा फोटो बघितला आणि त्यांना रडू फुटलं. रुमाल सुटला हातातून.” आईने स्वेटरची बाही सरळ केली, परत मोडली. “ताई लहानपणी ताप आला की कशी रडायची, आठवतं? दोन हुंदके, आणि तिसऱ्याला शिट्टीसारखं?”

“मी जन्मलो तरी होतो का तेव्हा?”

“हो रे. नव्हतास.” तिने स्वेटर बाजूला ठेवला. “तशा रडल्या.”

“आई, रडणं सगळ्यांचं सारखंच असतं.”

“दोन पोरं मी वाढवलीत,” आई म्हणाली. “मला सांगू नकोस.”

५

रविवारी कार्यक्रम चारचा होता. बारा वाजता मी बाईंच्या मेकअपच्या खोलीत घुसलो. दार वाजवलं नाही. त्या आरशासमोर बसल्या होत्या, केसांना पिना लावत. तोंडात दोन पिना धरलेल्या.

“टेप कुठाय?”

त्यांनी पिना काढून टेबलावर ठेवल्या. “दार लाव आधी.” आवाज घोगरा, जेमतेम माझ्यापर्यंत येणारा. “कसली टेप?”

“ताईची. ती आत मरून पडली होती आणि तुम्ही टेप लावलीत. मागे प्रेत आणि पुढे तुमच्या टाळ्या.”

मला वाटलं होतं त्या चिडतील, मला हाकलतील. कंपनीत त्यांच्या जिभेला सगळे टरकून असतात. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“टेप असती तर किती बरं झालं असतं रे.”

“मला शब्दांत घोळवू नका, बाई.”

“घोळवत नाही. रोज मी वर पोचायचे, तोंड उघडायचे आणि तिचा आवाज मला उजवीकडून यायचा. खोक्यातून. त्या दिवशी तोंड उघडलं आणि…” त्यांनी दोन बोटं गळ्याला लावली, नाडी बघतात तशी. मग म्हणाल्या, “घरी गुणगुणायला जाते, तरी तेच. शिंकले तरी. म्हणून मी हल्ली कमी बोलते. सगळ्यांना वाटतं, बाई सुधारल्या.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

“एक विचारते,” त्या म्हणाल्या. “खरं सांगशील? त्या दिवशी मला कशाचंच भान नव्हतं. तुमचं ठरलेलं ताईने मला सांगितलं होतं. तू झोत मिटवला होतास ना? रोजच्यासारखा, अकराला?”

“मिटवला होता.”

“नक्की?”

“म्हणजे आता माझ्या गळ्यात घालताय?”

“नाही रे बाबा. मिटवला असशील तर मग मलाही काही कळत नाही.” त्यांनी परत पिना उचलल्या. आरशातून बघत म्हणाल्या, “आज तेवढा वेळेवर मिटव. खोकं त्यासाठीच आणलंय. तिला दुसऱ्या कुणाचं कळत नाही.”

मी दार आपटून बाहेर पडलो. चोराच्या उलट्या बोंबा, असं जिन्याने उतरताना मोठ्याने म्हणालो. म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं.

६

चारला हॉल भरला. लोक पेले घेऊन टेबलांशी बसले होते, खिडक्यांवर जाड पडदे, बाहेर लख्ख ऊन. मी मागच्या माचीवर. कार्यक्रमाआधी बहिऱ्याशी बोलून ठेवलं होतं, की शेवटच्या गाण्याला माईक, स्पीकर, सगळं बंद करायचं. तो का म्हणून विचारील असं वाटलं होतं. नुसतं ‘बरं’ म्हणाला.

बाई आल्या, आणि मला कबूल करायला हवं, त्यांनी लोकांना खिशात टाकलं.

“पहिल्या नाटकात मला झाडाचं काम होतं,” त्या घोगऱ्या आवाजात सांगत होत्या. “दिग्दर्शक म्हणाले, बाई, हलायचं नाही आणि गायचं तर मुळीच नाही. झाड इतकं गाजलं, की पुढच्या नाटकात मला दोन झाडं दिली.”

लोक हसत होते, टेबलं वाजवत होते. त्या गायच्या तेव्हा खालीच राहायच्या, जपून, काठाकाठाने. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा स्वतःचा आवाज लक्ष देऊन ऐकला. जुन्या बिजागरीसारखा होता, पण खरा होता. मला राग आला की तो मला आवडला.

शेवटच्या गाण्याआधी त्या पियानोला टेकून उभ्या राहिल्या.

“हे गाणं मी शेकडो वेळा म्हटलंय,” म्हणाल्या. “यातला शेवटचा सूर माझा नव्हता. कधीच नव्हता. एका मुलीचा होता. ती त्या खोक्यात बसायची.”

लोक हसले. एकाने तर शिट्टी मारली. त्यांना वाटलं, झाडासारखाच हाही एक किस्सा. नऊ आठवडे मी जे त्यांच्या तोंडून ओढून काढायला निघालो होतो, ते त्यांनी आपण होऊन सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

पियानो सुरू झाला. बहिऱ्याने एकेक बटण पाडलं. मग बोर्डाची मुख्य तार उपटली आणि मला दिसावी म्हणून हातात उंच धरली.

७

इथे मायक्रोफोनची गरज नव्हती, हॉल एवढासाच. बाई गात पुढे आल्या. पायऱ्या नव्हत्या, तरी त्या जागेला त्यांचा पाय सवयीने वर उचलला गेला. मी वर्तुळ त्यांच्या चेहऱ्यापुरतं केलं. झोताची कड त्यांच्या उजवीकडे खोक्यावर पडली.

कापड आत गेलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि सूर लागला.

टेप कशी वाजते ते मला माहीत आहे. टेपचा आवाज एका जागेवरून येतो. हा भिंतींतून, टेबलांवरच्या पेल्यांतून, माझ्या हाताखालच्या लोखंडातून येत होता. सुरुवातीला किंचित खरखर आणि मग स्वच्छ, काचेवरून बोट फिरावं तसा. ताईचा. बाईंचा गळा मला वरून स्पष्ट दिसत होता. तो हलत नव्हता.

मी मोजायला लागलो. सवय. नऊ, दहा, अकरा.

आणि दांडी ओढली नाही.

आता सांगतो. त्या रविवारी सकाळी माझं आणि ताईचं भांडण झालं होतं. पेपरात बाईंच्या सुराचं कौतुक आलं होतं आणि ताईने ते कापून डब्यात ठेवलं. मी म्हणालो, गातेस तू आणि नाव तिचं, लाज नाही वाटत? ती म्हणाली, “मला गायचं असतं रे काजव्या. दिसायचं कुणाला असतं?” अंगात ताप, तरी निघाली. मी म्हणालो, मग बस गात. मरेपर्यंत गा.

प्रयोगात मी ठरवूनच झोत मिटवला नाही. म्हटलं, बघू किती दम आहे. तिचा श्वास संपेल, सूर फुटेल, लोकांना कळेल गाणारी कोण आहे ते. अकरा झाले, वीस झाले, सूर फुटला नाही. पडदेवाला घाबरला आणि त्याने पडदा सोडला, टाळ्यांत सूर बुडाला. मी दिवा तसाच टाकून खाली धावलो, तिच्याशी भांडायला. दिवा पडद्यावर जळत राहिला, कड फटीतून आत तशीच. कुणी बंद केला, कधी केला, मला माहीत नाही. मी मिटवला नाही, एवढं माहीत आहे.

तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

पंधरा. वीस. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या, त्या विरून गेल्या. पियानोवाल्याने हात मांडीवर घेतले. बाईंनी उजवा हात वर केला आणि मूठ मिटली. परत उघडली, परत मिटली. डोळे वर, माझ्याकडे. त्यांना झोतापलीकडे काही दिसत नाही, तरी नेमके माझ्याकडे. तोंड मात्र उघडंच, जबडा कुणी धरून ठेवल्यासारखा.

मला सगळं समजत होतं. तरी हात हलेना. नऊ आठवडे मी जो आवाज शोधत होतो तो समोर होता, आणि दांडी ओढली की संपणार होता. अजून थोडं, म्हटलं. अजून पाच. तीस झाले. एक खुर्ची सरकली, कुणीतरी उठलं. चाळीस. बाईंचे ओठ निळसर दिसायला लागले. माझ्या दिव्याचा रंग असेल, म्हटलं. माझ्या दिव्याला रंगाची काच नव्हती.

तेव्हा मी खोक्याकडे बघितलं.

सूर चालू असताना कापड बाहेर फडफडायला हवं. ते अजून आतच होतं. ओढलं जात होतं, आणखी आणखी, आणि आत कशावर तरी घट्ट बसलं होतं. नाकाचा उंचवटा. त्याखाली खळगा. तो खळगा मोठा होत होता. दम कोंडलेलं माणूस पाण्याखालून वर बघतं, तसा तो झोताच्या कडेकडे वळलेला होता.

ती गात नव्हती. ती वाट बघत होती.

मी दांडी ओढली. वर्तुळ रुपयाएवढं झालं, मग तिळाएवढं, मग गेलं. सूर त्याच क्षणी तुटला, रोजच्यासारखा, जरासुद्धा मागे-पुढे नाही.

अंधारात खोक्याच्या बाजूने कापड फडफडल्याचा आवाज आला. मग श्वास. आत घेतलेला नव्हे, सोडलेला. इतका लांब, की तो संपेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही.

८

बाई बऱ्या आहेत. दोन दिवस दवाखान्यात होत्या. आता त्यांच्या घोगऱ्या आवाजात सगळ्यांना शिव्या घालतात आणि गुणगुणतात. परवा सुतारकाकांबरोबर निरोप आला, तू वेळेवर मिटवलास, तुझे उपकार झाले. वेळेवर! त्यांनी मोजलं नसेल.

खोकं काकांनी मोडून टाकलं. मी म्हणालो, एवढं कापड मला द्या. त्यांनी दिलं, पण दोन बोटांनी उचलून, मेलेला उंदीर द्यावा तसं.

ते मी आमच्या खोलीत, ताईच्या पलंगासमोरच्या भिंतीला दोन खिळ्यांवर लावलंय. त्याच्यावर एक साधा बल्ब. सकाळी लावतो. आई कुरकुरते. मी म्हणतो, असू दे, जरा उजेड बरा वाटतो. काही होत नाही. सात दिवस काही झालं नाही. सुटली ती, असं मी आईला सांगितलं, आणि मला ते खरंही वाटत होतं.

आज दुपारी आई बाहेर स्वेटर वाळत घालत होती. मी पलंगावर पडलो होतो. कापड हललं. वारा असेल, म्हणून खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद. परत बघितलं तेव्हा ते आत ओढलं गेलेलं होतं. मागे भिंत आहे. विटांची. आत जायला जागाच नाही.

ती श्वास घेते आहे.

मी उठून बटणावर बोट ठेवलं. दाबलं की कड जाईल, तिला कळेल. या वेळी अकरा मोजायचे, एकही जास्त नाही, असं ठरवलंय. तसं ठरलेलं आधीही होतंच.

“अरे, दिवसाढवळ्या दिवा कशाला जळतोय?” आई बाहेरून ओरडली. “बंद कर तो.”

“करतो,” मी म्हणालो.